जिजाऊंचं स्वयंपाकघर कुठं होतं?



मागच्या अंकात आपण बैलगाडी मोजली होती, आठवतं ना? जू, साटी, आरे, धाव. तुम्ही पाठवलेली चित्रं अजून माझ्या टेबलावर आहेत. एकानं तर बैलाच्या शेपटीचीही लांबी लिहून पाठवली आहे! आज आपण त्याहून मोठी वस्तू मोजणार आहोत. जिच्यात आपण जेवतो, झोपतो, भांडतो, अभ्यास न केल्याबद्दल मार खातो, ती वस्तू. म्हणजे घर.

पण आधी एक गंमत सांगतो. गंमत कसली, माझी फजितीच ती.

मागच्या वर्षी जानेवारीत चौथी-पाचवीच्या मुलांची सहल सिंदखेडराजाला नेली होती. राजमाता जिजाऊंचा जन्म तिथं १२ जानेवारी १५९८ रोजी झाला, हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. बारा तारखेला गावात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आम्ही आठ दिवस उशिरा, निवांत गेलो.

लखुजीराजे जाधवरावांचा वाडा रस्त्यावरून जाता-येताही दिसतो. त्याच्या दरवाज्याकडं मान वर करून बघताना दोघातिघांच्या टोप्या मागं पडल्या. वर नगारखाना. "सर, यातून हत्ती अंबारीसकट जात असेल का?" यावर पोरांची तिथंच सभा भरली. शेवटी दोघांनी तिसऱ्याला खांद्यावर घेऊन दरवाज्यातून नेऊन पाहिलं आणि "जाते, अंबारी आरामात जाते," असा निकाल दिला.

आत गेल्यावर मात्र सगळे गप्प झाले. कारण आत मोकळं आभाळ होतं. दगडी जोती आहेत, भिंतींचे भाग आहेत, खाली तळघरं आहेत. जिजाऊंचा जन्म जिथं झाला म्हणून सांगतात, त्या जागेला आम्ही नमस्कार केला. पण वरचं लाकडाचं बांधकाम, माड्या, छतं यांतलं फारसं काही उरलेलं नाही.

मी वहीतून माहिती वाचायला सुरुवात केली. तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी उठली. ही वर्गात कधी तोंड उघडत नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. ती म्हणाली, "सर, जिजाऊंचं स्वयंपाकघर कुठं होतं?"

मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. म्हटलं, "असेल इथंच कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे कुठं? आणि न्हाणी? त्या लहान असताना झोपायच्या कुठं? त्यांची आजी कुठं बसायची?"

मुलांनो, तिनं लढायांच्या तारखा विचारल्या असत्या तर मी धडाधड सांगितल्या असत्या. २५ जुलै १६२९ ला लखुजीराजे, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव यांना दौलताबादच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात दग्यानं मारलं, हे मला पाठ होतं. पण चूल कुठं होती? डीएडला असताना आम्हांला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

दगड राहतो, घर जातं

पुढं आम्ही लखुजीराजांची समाधी पाहिली. केवढी भव्य आहे ती! तिच्या दुरुस्तीचं काम चालू असताना २०२४ साली भारतीय पुरातत्त्व खात्याला जवळच जमिनीत आधी एका शिवमंदिराचा पाया लागला. मग सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची दगडी मूर्ती सापडली. शेषावर पहुडलेला विष्णू आणि पायाशी बसलेली लक्ष्मी. ही मूर्ती जवळजवळ पावणेदोन मीटर लांब आणि एक मीटर उंच आहे. इतकी वर्षं मातीखाली होती, तरी पाहणारे थक्क झाले.

मग आम्ही काळाकोट पाहिला. हा कोट बांधून पुरा झालाच नाही, पण त्याच्या जाडजूड भिंती आजही तशाच उभ्या आहेत. पुतळा बारव पाहिली, मोती तलाव पाहिला. परत येताना एसटीत मी मुलांना विचारलं, "आज आपण काय काय पाहिलं?"

"देऊळ, समाधी, कोट, बारव, तलाव."

"आणि काय नाही पाहिलं?"

मागच्या सीटवरून हळूच आवाज आला, "स्वयंपाकघर."

बरोबर होतं तिचं. देव, राजा आणि पाणी यांच्यासाठी लोकांनी दगड वापरला, म्हणून ते राहिलं. रोज ज्यात माणसं राहिली, ती घरं लाकूड आणि मातीची होती. लाकडाला वाळवी लागते, माती पावसानं धुपते, चांगली तुळई दुसरं कुणीतरी काढून नेतं. राजाच्या वाड्याची ही गत, तर गावातल्या साध्या घराची काय असेल!

उतरताना ती मुलगी माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर, आमचा वाडापण उन्हाळ्यात पाडणार आहेत. स्लॅबचं घर बांधणार."

तिच्या बोलण्यात दुःखही नव्हतं आणि आनंदही नव्हता. 'उद्या बाजार आहे' असं सांगावं तसं तिनं सांगितलं. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या आजोबांचं घर पाडलं तेव्हा मी बारावीत होतो. सागवानाच्या तुळया ट्रकमध्ये चढवताना मी मित्रांबरोबर उभा राहून मजा बघितली होती. आज त्या घराला खिडक्या किती होत्या हेही मला सांगता येत नाही.

आजी, तुमचं घर मोजू का?

पुढच्या शनिवारी दप्तर घरी ठेवून, टेप, दोरी, पाटी आणि आलेखवही घेऊन आमची फौज त्या वाड्यावर गेली. अंगणात आजी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आम्ही कशाला आलो ते ऐकून त्या हसल्याच.

"कायले मोजता बाप्पा हे खंडर? मातीचंच हाये, मातीतच जाईन."

मी म्हटलं, "जाण्याआधी मोजतो, आजी."

"मोजा मंग. पण ईचू निंगतात, पाय सांभाळून ठेवा."

मग सुरू झाली आमची मोजणी. दारापासूनच सुरुवात केली. मोठ्या दरवाज्याच्या एका फळीतच लहान दार असतं, त्याला दिंडी म्हणतात. रात्री मोठा दरवाजा लावला की ये-जा दिंडीतून करायची. आतून आडवं लाकूड सरकवायचं, ती आगळ. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना बसायला उंच ओटे, ती ढाळज. पाहुणा इथं बसायचा, हिशोब इथं व्हायचे. मग चौक, चौकाच्या बाजूनं ओसरी, मग माजघर. माजघराच्या अंगाला एक अंधारी, बिनखिडकीची खोली होती. तिचं नाव बळद. धान्य साठवायची जागा. आणि सगळ्यांत मागं स्वयंपाकघर. तिथं धूर जायला धाब्याला चौकोनी भोक ठेवलेलं होतं. आजी त्याला साणं म्हणाल्या. पाऊस आला की त्यावर पत्र्याचं झाकण टाकायचं.

"घर किती मोठं?" असं मुलांनी विचारल्यावर आजींनी फुटात उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, "ओसरी पाच खनाची." खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. पूर्वी घर खणांत मोजायचे. मुलांनी टेप लावली. ओसरी २४ फूट २ इंच भरली. मग वर्गात आम्ही भागाकार केला, एक खण किती फुटांचा? तुम्हीही करून पाहा.

भिंतीची जाडी मोजायला एका कोनाड्यात टेप घातली. आत हात जातच राहिला. भिंत सव्वादोन फुटांची निघाली! खाली गुडघाभर काळा दगड आणि वर माती. मातीत भुसा कालवून, पायांनी तुडवून केलेला गारा. मे महिन्यात बाहेर कुत्रंसुद्धा फिरत नाही, तेव्हा या भिंतीला आतून गाल लावून पाहा. जाड भिंत तापायला वेळ लागतो. दुपारचं ऊन आतपर्यंत पोचेस्तोवर संध्याकाळ होते.

हा काळा दगड कुठला माहीत आहे? बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरून गार झाला, त्याचा हा दगड. आपलं लोणारचं सरोवर याच दगडात उल्का आदळून झालेलं आहे. आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आपण नेहमी म्हणतो ना, घाटावर आणि घाटाखाली? घाटावर चिखली, मेहकर, सिंदखेडराजाकडं असा दगड हाताशी आहे, म्हणून जोतं दगडाचं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात नदीनं आणलेल्या गाळाचे थर फार खोल आहेत. दगड लांबून आणावा लागतो. तिकडं मातीचा आणि विटांचा वापर जास्त. म्हणजे गावाच्या पायाखाली काय आहे, ते गावातल्या भिंती बघून ओळखता येतं.

डोक्यावर चोपन्न क्विंटल

आता वर बघू या. घरावरच्या मातीच्या सपाट छताला आमच्याकडं कुणी धाबं म्हणतं, कुणी माळवद. ते कसं करतात? आधी खांबांवर जाड तुळई. तुळईवर आडव्या कड्या. कड्यांवर किलच्या, म्हणजे लाकडाच्या चिपा, अगदी दाटीनं रचलेल्या. त्यावर निंबाचा पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, धोपटून पक्का केलेला. पाणी वाहून जायला उतार आणि कडेला पन्हाळ. ही माती काळ्या शेतातली चालत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि धाबं गळायला लागतं. ही खारी पांढरी माती पाणी धरते आणि भेगा बुजवते. तरीसुद्धा दर वर्षी मृगाच्या आधी वर चढून नवी माती टाकावीच लागते. एक वर्ष आळस केला, की घरात ठिकठिकाणी पातेली मांडून बसायचं.

सातवीतल्या एका दादानं तिथंच हिशोब मांडला. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद. मातीचा थर १ फूट. म्हणजे १२० घनफूट माती. एक घनफूट दाबलेली माती साधारण ४५ किलो धरली, तर १२० गुणिले ४५. उत्तर ५,४०० किलो! म्हणजे एका खोलीत झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर चोपन्न क्विंटल माती. मुलं आपोआप दाराकडं सरकली.

मुलांनो, ही हसण्याची गोष्ट नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. त्याला आपण किल्लारीचा भूकंप म्हणतो. सुमारे दहा हजार माणसं गेली. तिथली पुष्कळशी घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती आणि त्यांवर मातीचं जड माळवद होतं. भिंती फाकल्या आणि ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. म्हणून जुनं ते सगळं चांगलंच, असं मी तुम्हांला सांगणार नाही. विंचू, गळती, वाळवी, दर वर्षीची मातीची पाळी, भावाभावांतल्या वाटण्या, हे सगळं सोसून थकलेल्या माणसानं नवं घर बांधलं तर त्याला नावं ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? त्या मुलीचे वडील मला म्हणाले, "सर, तुम्हांला एक दिवस बघायला बरं वाटतं. पावसाळ्यात या एक रात्र झोपायला." त्यांचं खरं होतं.

पांढरी म्हणजे काय?

वर जी माती सांगितली, तिच्यावरून एक मुलगा म्हणाला, "सर, गावाला पांढरी का म्हणतात?" फार चांगला प्रश्न! आपल्याकडं शेताला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. एकाच जागी माणसं शेकडो वर्षं राहतात. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, धाब्यांची माती. एक घर पडतं, त्याच्या ढिगावर दुसरं उभं राहतं. असं होत होत ती माती पांढुरकी होते आणि गाव उंच होत जातं. पुरातत्त्वाचे अभ्यासक अशी पांढरीची टेकाडं शोधत असतात. कारण जुनी घरं उभी नसली, तरी त्यांची माती तिथंच असते.

आपल्याच जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन नावाचं गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिथं उत्खनन केलं. तेव्हा दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी मिळाल्या. राजाराणीचं नाव नाही, तारीख नाही. पण त्या काळी इथल्या बायका पाणी कुठून काढत होत्या, ते कळलं. माझ्या वर्गातल्या मुलीला असंच उत्तर हवं होतं!

आणि आपल्या डोळ्यांसमोर काय होतं? गावोगावच्या गढ्यांची पांढरी माती ट्रॉल्या भरभरून नेतात आणि शेतात टाकतात. पिकाला चांगली म्हणून. पीक येतं, हे खरं. पण त्या मातीबरोबर जुनी खापरं, मणी आणि गावाची जन्मकुंडलीही शेतात पसरली जाते.

टोपी आणि बूट

मला पूर्वी वाटायचं, मातीचं घर फार तर पन्नास-साठ वर्षं टिकणार. पण इंग्लंडात डेव्हन नावाचा भाग आहे. तिथं माती आणि पेंढा कालवून, पायांनी तुडवून उभारलेली घरं आहेत. अगदी आपल्या गाऱ्यासारखी. त्याला ते लोक कॉब म्हणतात. त्यांतली कितीतरी घरं काही शतकांची आहेत आणि आजही त्यांत माणसं राहतात. तिकडची जुनी माणसं सांगतात, मातीच्या घराला चांगले बूट आणि चांगली टोपी द्या, ते मरत नाही. बूट म्हणजे दगडी जोतं आणि टोपी म्हणजे भिंतीच्या पुढं आलेलं गवताचं जाड छप्पर. पाऊस खालून नको आणि वरूनही नको, एवढंच.

आणखी एक गोष्ट ते करतात. १९४७ मध्ये झालेल्या कायद्यापासून तिथं जुन्या इमारतींची सरकारी यादी केली जाते. तिच्यात राजवाडे आहेत, तशा शेतकऱ्याच्या झोपड्याही आहेत. यादीतलं घर परवानगीशिवाय पाडता येत नाही. शिवाय गावातले लोक आपल्या खेड्यातल्या घराघराची माहिती लिहून ठेवतात. हे घर कोणाचं, छप्पर कधी बदललं, भट्टी कुठं होती.

आपल्याकडंही कायदे आहेत. केंद्र सरकारचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा. त्यांतून किल्ले, मंदिरं, लेणी, वाडे यांचं रक्षण होतं. पण आपल्या शेजारच्या आजीचं घर त्यात कसं येणार? त्याची यादी आपणच करायला हवी. तिला पैसे लागत नाहीत. वही, पेन्सिल आणि एक टेप पुरे.

सात पावलं, चार पावलं

मोजणी संपत आली तेव्हा दुपार झाली होती. आजींनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले. एक मुलगा त्यांना म्हणाला, "आजी, तुमच्या माजघरात दिवसापण अंधार आहे. भीती नाही वाटत?"

"कायची भीती? मले दिवा लागतच नाई. उंबऱ्यापासून रांजनापर्यंत सात पावलं. रांजनापासून देवापर्यंत चार. सतरा वर्साची आली मी या घरात. डोळे आता गेले, पाय नाई इसरत."

मुलांनी लगेच आजींची पावलं मोजली. त्या चालल्या, मागोमाग टेप गेली. सात पावलं साडेदहा फूट भरली. चार पावलं सहा फूट. नकाशात आम्ही ती तुटक रेषेनं दाखवली.

परीक्षा झाल्यावर मे महिन्यात वाडा पाडला. दोन दिवसांत जमीनदोस्त. तुळया विकल्या गेल्या, माती शेतात गेली. जुन्या दाराची चौकट तेवढी त्यांनी ठेवली. आमचा नकाशा शाळेत वर्गाच्या भिंतीवर लागला. नव्या इयत्तेतल्या मुलांना त्याचं काही विशेष नव्हतं.

दिवाळीनंतर एक दिवस त्या मुलीचे वडील शाळेत आले. थोडे संकोचलेले. "सर, तो कागद आहे का अजून?"

"आहे की. का हो?"

"आई नव्या घरात चुकते. रात्री उठते आणि भिंतीला धडकते. दोनदा पडली. दिवसा म्हणते, माझं घर कुठं आहे? घर चांगलं आहे सर, फरशी आहे, लाइट आहे. पण तिला सापडत नाही."

नकाशा काढून आम्ही दोघं बाकावर बसलो. साडेदहा फूट आणि सहा फूट. त्यांनी ते आकडे हाताच्या तळव्यावर पेननं लिहून घेतले. नव्या घरात त्यांनी पाण्याचा रांजण उंबऱ्यापासून साडेदहा फुटांवर आणला. तिथून सहा फुटांवर देव मांडले. त्यासाठी टीव्ही दुसऱ्या भिंतीला न्यावा लागला, तो नेला.

आजी बऱ्या आहेत. रात्री उठतात, पाणी पितात, देवाला हात जोडून परत झोपतात. दिवा लावत नाहीत.

नकाशा आता पुन्हा वर्गात लागला आहे, जिजाऊंच्या चित्राशेजारी. परवा मी जवळ जाऊन पाहिलं, तर मागच्या खोलीच्या चौकोनात कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'चूल इथं होती.' अक्षर मी ओळखलं. हजेरीला नुसता हात वर करणारीचं होतं ते.

करून पाहा

१. गावातलं किंवा मामाच्या गावचं एक जुनं घर निवडा. घरच्यांची परवानगी घ्या. पडक्या, रिकाम्या घरात एकट्यानं कधीही जायचं नाही.

२. आलेखवहीत एक फुटाला एक चौकोन धरून नकाशा काढा. दारं, खिडक्या, कोनाडे, खांब सगळं दाखवा.

३. भिंतीची जाडी मोजा. खाली काय, वर काय, छत कशाचं, ते लिहा.

४. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पाच प्रश्न विचारा. चूल कुठं होती? पाणी कुठून यायचं? धान्य कुठं ठेवायचे? बाळं कुठल्या खोलीत जन्मली? पाहुणा कुठं बसायचा?

५. प्रत्येक भागाचं तुमच्या घरी जे नाव असेल तेच लिहा. पुस्तकातलं नको. घाटाखाली एक नाव, घाटावर दुसरं, असं सापडलं तर फारच छान.

६. खाली तारीख आणि तुमचं नाव घाला. तारीख विसरू नका!

आई-बाबांसाठी दोन ओळी

नवं घर जरूर बांधा. मुलांना कोरडी, भक्कम, उजेडाची जागा हवीच. पण जुनं पाडण्याआधी मुलांना एक दिवस त्यात टेप घेऊन हिंडू द्या आणि आजी-आजोबांना त्यांच्याबरोबर बसवा. पाडणाऱ्यांना दोन दिवस लागतात. मोजायला एक शनिवार पुरतो.

पुढच्या अंकात आपण विहिरीकडं जाऊ. मोट, धाव, थारोळं... आत्ताच आजोबांना विचारून ठेवा!

तुमचा,
मोजणीवाला सर